रिस्क-फाइव्ह रिलॅक्सेशनच्या चाचण्या: डेजाग्नू की फाइलचेक?

रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठी पत्ता भरताना लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) दोन इन्स्ट्रक्शनची एक केली की नाही, हे तपासायला मी चाचण्यांची दोन्ही साधनं वापरून पाहिली: ग्नू एलडी या लिंकरच्या डेजाग्नूतल्या डॉट-डी फाइली (अपेक्षित आउटपुट लिहिलेल्या) आणि एलएलव्हीएमचा लिंकर एलएलडी याच्या चाचण्यांतलं फाइलचेक. या आखडण्यालाच रिलॅक्सेशन म्हणतात; त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही.

डेजाग्नूची जमेची बाजू मोठी आहे. ग्नू एलडी ज्यात येतो ते बिनयुटिल्स जुन्या लॅपटॉपवरही निमूटपणे बिल्ड होतं. एलएलव्हीएमचं तसं नाही. नांदेडला ऐन उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, बॅटरीने मान टाकली की बिल्ड अर्ध्यावर. निन्जा हे बिल्डचं साधन राहिलेलं काम तिथून पुढे उचलतो म्हणा, आणि टार्गेट फक्त रिस्क-फाइव्ह ठेवून लिंकिंग एकेकच चालू दिलं तर कमी रॅमवरही भागतं. तरी पहिला बिल्ड रात्रीच लावावा.

तरी मी फाइलचेककडे वळलो ते सरकत्या पत्त्यांना वैतागून. एलयूआय-ॲडआय ही पत्ता भरणारी इन्स्ट्रक्शनची जोडी; तिचा सिम्बॉल जीपी (ग्लोबल पॉइंटर) रजिस्टरमधल्या पत्त्यापासून उणे 2048 ते अधिक 2047 बाइटांत आला की एलयूआय गळतो, चार बाइट वाचतात आणि खालची प्रत्येक ओळ वर सरकते. डॉट-डी फाइलीत ऑब्जडम्पचं (बायनरीतल्या इन्स्ट्रक्शन छापणाऱ्या साधनाचं) आउटपुट ओळीला ओळ रेजेक्सशी, म्हणजे मजकुराच्या नमुन्याशी, जुळवतात. वर एक जोडी वाढवली की खालचे सगळे पत्ते हाताने बदलत बसा. नाहीतर पत्त्याच्या जागी 'कुठलाही हेक्स आकडा' लिहा; चाचणी पास होते, पण चुकीचा पत्ता तिच्या हाती लागत नाही. वर कंसाकंसाला बॅकस्लॅश! फाइलचेकमध्ये पहिला पत्ता व्हेरिएबलमध्ये धरायचा, पुढच्या ओळीला 'तोच अधिक चार' म्हणायचं. झालं. रिलॅक्स आणि नो-रिलॅक्स दोन्ही एकाच फाइलीत, वेगळ्या प्रीफिक्सने. डॉट-डीत त्याला दोन फाइली लागतात.

काठावरच्या चाचण्यांतही मला एलएलडी सोपं गेलं. 2047 वरच्या सिम्बॉलची जोडी आखूड होते, 2048 वरच्याची नाही. ग्नू एलडी अलाइनमेंटने सेक्शन सरकतील म्हणून थोडी जागा राखून ठेवतो, त्यामुळे अगदी काठावरची जोडी कधीकधी तशीच राहते. हा त्याचा सावधपणा आहे, दोष म्हणणार नाही. उलट एलएलडीत रिलॅक्स-जीपी हा पर्याय वेगळा द्यावा लागतो, नाहीतर एलयूआय जागचा हलत नाही.

पॅच बिनयुटिल्सलाच पाठवायचा असेल, तर डॉट-डीवाचून सुटका नाही. मग निदान एका फाइलीत एकच जोडी ठेवा.