थ्री एम ६२०० हाफ मास्क: गाडीच्या रंगकामाला कितपत पुरतो?

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजसाठी हा नाक-तोंड झाकणारा मास्क घ्यावा, पण नुसत्या मास्कने भागत नाही. ६२०० मध्यम साइजचा आहे. लहान चेहऱ्याला ६१००, मोठ्याला ६३००. थिनरच्या वाफेसाठी ६००१ कार्ट्रिज (काळी पट्टी, आत वाफ शोषणारा कोळसा), तिच्यावर थेंब-कण अडवणारा ५एन११ किंवा ५पी७१ प्रीफिल्टर आणि तो धरायला ५०१ रिटेनर. पैसे वाचवायला प्रीफिल्टर वगळला, तर सगळंच फसलं. कोळसा वाफ धरतो, रंगाचे बारीक थेंब नाही; आणि टू-के पीयू रंगाच्या (हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या) हार्डनरमधलं आयसोसायनेट हे घातक रसायन त्या थेंबांतूनच फुप्फुसात उतरतं.

कार्ट्रिज खाचेला खाच जुळवून पाव फेरा दिला की बसते. मग श्वास बाहेर सोडणाऱ्या पुढच्या झडपेच्या झाकणावर तळहात ठेवून हळूच श्वास सोडायचा. मास्क किंचित फुगला आणि कडेने हवा सुटली नाही, तर बसला. दाढीचे खुंट असतील तर सील विसरा. त्या झडपेवर रंगाची पापडी जमली की ती पुरती मिटत नाही, आणि श्वास घेताना बूथमधली (रंग फवारायच्या खोलीतली) हवा तिथूनच आत येते. म्हणून झाकण रोज उघडून बघा. मास्क थिनरने पुसू नका. कार्ट्रिज काढून कोमट साबणपाण्याने धुवा.

खरी गोची कार्ट्रिज बदलण्याची. ‘वास आला की बदलू’ हे थिनरला कदाचित चालेल, आयसोसायनेटला नाही. त्याचा वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोळसा लवकर दमतो. बूथमध्ये खुंटीला टांगलेला मास्क रात्रभर वाफ शोषत राहतो, म्हणून तो झिपच्या पिशवीत ठेवा. दिवसभर फवारणी असेल तर रोज नवी कार्ट्रिज धरूनच खर्च मांडा.

एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनर न लागणारा) रंग, थिनरने पुसणं अशा कामांना मास्क उत्तम. रोज टू-के क्लिअर कोट मारणाऱ्याला मात्र आम्ही तो सुचवणार नाही. तिथे एअर-फेड मास्कच (नळीतून बाहेरची हवा पुरवणारा) हवा, आणि त्याला श्वासायोग्य गाळलेली हवा, गॅरेजच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा थेट नव्हे. स्प्रे गन थांबली तरी बूथची हवा साफ होईपर्यंत कुठलाही मास्क काढायचा नाही. आयसोसायनेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे किंचित मात्राही दम्याला पुरते. झटका बऱ्याचदा कामावर न येता रात्री घरी येतो, त्यामुळे रंगावर संशयच जात नाही. सुट्टीत बरं वाटून कामावर परतल्यावर छाती पुन्हा घरघरत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो न्या.