लाल डाग आमच्या गच्चीचे नव्हतेच

आमची सोसायटी पुण्यात, कोथरूडला. दोन विंग, ४२ सदनिका. मी सचिव आहे आणि या प्रकरणात शेवटचा होकार माझा होता, म्हणून हे मीच लिहितोय.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ए विंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमचं छत इतकं ठिबकलं की त्यांना पलंग बाहेरच्या खोलीत आणावा लागला. त्यामुळे यंदा मे महिन्यातच काम उरकायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात एका वॉटरप्रूफिंगवाल्याचा फोन आला. ड्रोनने गच्चीची थर्मल तपासणी, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी, करून देतो, पैसे नकोत, काम द्यायचं की नाही ते नंतर ठरवा.

१४ मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास दोन मुलं आली. ड्रोन वीस मिनिटं उडाला. सोसायटीतली सगळी पोरं खाली जमली होती.

तीन दिवसांनी ३६ पानांचा पीडीएफ आला. पहिल्या पानावर वरून टिपलेली आमचीच इमारत, फाटकाजवळच्या गुलमोहरासकट. आत प्रत्येक पानावर गच्चीच्या तुकड्याचा एक साधा फोटो आणि शेजारी जांभळा-पिवळा थर्मल फोटो, त्यात लाल डाग. विशेष सभेत त्याने हे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. लाल डाग म्हणजे ओल, ती सळयांपर्यंत गेली आहे, या पावसात स्लॅबचं काही सांगता येत नाही, असं तो म्हणाला तेव्हा काकू पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही. दुसरं कोटेशनही मागवलं नाही. काम ४ लाख ८० हजारांचं, निम्मे पैसे आगाऊ. खातं फर्मच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर होतं. फर्मचं केवायसी अडकलंय म्हणाला. मी २ लाख ४० हजार पाठवले.

दोन दिवस माणसं आली. धूळही नीट न झाडता गच्चीवर पांढरा रंग फासला. मग फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे झेरॉक्सचं दुकान. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात काकूंचा तोच कोपरा गळायला लागला.

खोटेपणा पकडला तो बी विंगमधल्या निवृत्त भूगोल शिक्षकांनी. त्यांनी मला पीडीएफ उघडायला लावला आणि आतल्या एका साध्या फोटोतल्या पाण्याच्या टाकीवर बोट ठेवलं. टाकीची लांबलचक सावली एका बाजूला पडली होती. पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. १४ मेला साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या बुडाशीच राहायला हवी. मग आम्ही सौर बंब मोजले. आमचे सहा, फोटोत चार. ड्रोन आमच्याकडे खरंच उडाला होता, पण त्यातून आला फक्त पहिल्या पानावरचा फोटो. बाकीची गच्ची दुसऱ्याच कुणाची.

नंतर ज्या स्ट्रक्चरल इंजिनीयरना बोलावलं, त्यांनी सांगितलेली गोष्ट सभेच्या आधी माहीत असती तर पैसे वाचले असते. थर्मल कॅमेरा स्लॅबच्या आत बघत नाही. त्याला कळतं फक्त पृष्ठभागाचं तापमान. ओला भाग दिवसाची उष्णता उशिरा सोडतो, म्हणून सूर्य मावळल्यावर कोरडा भाग थंड होत जातो आणि ओला भाग उबदार दिसतो. हे बघायचं तर कोरड्या दिवशी संध्याकाळनंतर. भर दुपारी मे महिन्यात सगळी गच्चीच तापलेली असते, तेव्हा लाल रंगाला काही अर्थ नाही. आणि संध्याकाळी डाग दिसला तरी तो संशयच. खात्री पाणी साठवूनच होते.

त्यांनी तेच केलं. पावसाने उघडीप दिल्यावर गच्चीचे भाग पाडून एकेका भागात ४८ तास पाणी साठवलं. पावसाळी पाईपच्या तोंडाजवळचा भाग भरला तेव्हा दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर ओल उमटली. पाईप आणि स्लॅबमधला सांधा सुटला होता, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बुडाशी भेग होती. दुरुस्ती ३८ हजारांत झाली. ४ लाख ८० हजारांची गरज कधीच नव्हती.

ड्रोनला मी दोष देत नाही. उतरते पत्रे, उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंती, जिथे माणूस चढवणं धोक्याचं, तिथे त्याचा खरा उपयोग आहे. पण जिना चढून जाता येतं अशा गच्चीसाठी कुणी ड्रोन घेऊन आलं तर आधी त्याच्याकडे ड्रोनचा नोंदणी क्रमांक मागा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार तो लागतो, आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोटोंच्या मूळ फाइल त्याच दिवशी, गच्चीवरच, आपल्या पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइलमध्ये सहसा वेळ आणि ठिकाण नोंदलेलं असतं; पीडीएफमध्ये आणि व्हॉट्सॲपवर ते बहुतेकदा उरत नाही. मी नंतर फाइल मागितल्या तेव्हा 'डेटा सर्व्हरवर आहे' एवढंच उत्तर आलं होतं. तेव्हा फोन अजून लागत होता आणि पांढरा रंगही फासायचा होता.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे, बँकेलाही कळवलं आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

एक विनंती आहे. आमच्या गच्चीचे वीस मिनिटांचे फोटो त्या लोकांकडे आहेत. सहा सौर बंब, दोन काळ्या टाक्या आणि खाली फाटकाजवळ गुलमोहर अशी गच्ची तुमच्या अहवालात दिसली, तर ती आमची आहे. पैसे देऊ नका.