फेडरल प्रॉसिक्युटर की डीए ऑफिस?

अमेरिकेत लॉ करून सरकारी वकील व्हायचंय तर दोन रस्ते आहेत, फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा वकील किंवा डीए (डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे स्थानिक मुख्य सरकारी वकील) ऑफिस, आणि दोन्हीकडचं काम जाम वेगळं आहे. डीए ऑफिसमध्ये चोरी, मारामारी, घरगुती हिंसाचार, खून असं सगळं येतं, फाइलींचा नुसता ढीग, पण कोर्टात उभं राहायला लवकर मिळतं आणि माझ्या मते वकील तिथंच घडतो. फेडरलला केसेस कमी पण मोठ्या, बँक फ्रॉड, टॅक्स, ड्रग्जची टोळी वगैरे, एफबीआयसोबत महिनोन्महिने कागद चाळायचे, मग ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणारे सामान्य नागरिक) जायचं.

बॉसचंही बघा. डीएला बहुतेक राज्यांत लोक निवडून देतात, यूएस ॲटर्नीला (फेडरल ऑफिसचा प्रमुख) मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि काढूही शकतो, २०१७ मध्ये न्यूयॉर्कचे यूएस ॲटर्नी प्रीत भरारांना असंच काढलं. हे मला मनापासून खटकतं, पण यूएस ॲटर्नीच्या हाताखालचे वकील सहसा सरकार बदललं तरी टिकतात.

आणि हो, सिटिझनशिप नसेल तर फेडरलचं दार जवळपास बंदच समजा.

रॉबर्ट मॉर्गेन्थाऊंनी दोन्ही केलं, १९६१ पासून न्यूयॉर्कमध्ये यूएस ॲटर्नी, मग १९७५ ते २००९ मॅनहॅटनचे डीए. मी निवडलं तर आधी डीएच.