डेस्कटॉपमध्ये एसएसडी वाढवणारी दोन कार्डे: एक साधे, एक दिमाखदार

मदरबोर्डवर एम.२ प्रकारच्या, म्हणजे पातळ पट्टीच्या आकाराच्या, एसएसडीसाठी (चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हसाठी) जागाच नसेल, किंवा असलेली एकुलती एक जागा भरलेली असेल, तर पीसीआय एक्स्प्रेसच्या (मदरबोर्डला कार्डे जोडण्याच्या व्यवस्थेच्या) मोकळ्या स्लॉटमध्ये कार्ड बसवून त्यावर एसएसडी लावणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. गेले काही महिने मी अशी दोन कार्डे वापरत आहे. एक केवळ एका एसएसडीसाठीचे, अगदी साधे; दुसरे चार एसएसडींचे, धातूचे जाड आवरण आणि छोटा पंखा असलेले. पहिल्याबद्दल माझी जवळजवळ काहीच तक्रार नाही, दुसऱ्याबद्दल बरीच आहे. मात्र त्यातली मोठी तक्रार कार्डापेक्षा त्याच्या खोक्यावरील मजकुराविषयी आहे.

एका एसएसडीचे कार्ड हातात घेतल्यावर, यात आहे तरी काय, असा प्रश्न पडतो. स्लॉटमधील चार लेन (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका) एम.२ सॉकेटपर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या रेषा, काही कपॅसिटर आणि एक एलईडी, एवढाच त्याचा ऐवज. एनव्हीएमई ही संवादाची पद्धत वापरणारी एसएसडी मुळातच पीसीआय एक्स्प्रेसवरून बोलते, त्यामुळे मध्ये दुभाषी चिपची गरज उरत नाही, आणि तिला लागणारा ३.३ व्होल्टचा पुरवठाही थेट स्लॉटमधून मिळतो. कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एसएसडीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये ८.१ पासून आणि लिनक्समध्ये ३.३ कर्नलपासून (गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून) आयताच येतो.

याचाच अर्थ असा की वेगाचे श्रेय किंवा दोष या कार्डाला देता येत नाही. तो सर्वस्वी स्लॉटचा प्रश्न आहे. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर खालच्या बाजूला एक लांबलचक स्लॉट आहे, जो दिसायला १६ लेनचा असला तरी प्रत्यक्षात त्याच्या चारच लेन जोडलेल्या आहेत आणि त्याही पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या. दुसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट जातात, म्हणजे चार लेनची कमाल मर्यादा २,००० झाली. मला मोठ्या फाइली वाचताना १,६०० च्या आसपास वेग मिळाला. तेच कार्ड प्रोसेसरला थेट जोडलेल्या, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये हलवताच आकडा ३,४०० पर्यंत गेला, मात्र त्या बदल्यात ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला १६ ऐवजी ८ लेन आल्या. माझ्या कामात ग्राफिक्सवर त्याचा परिणाम जाणवला नाही. प्रांजळपणे सांगायचे तर १,६०० आणि ३,४०० यांमधील फरकही मोठ्या व्हिडिओ फाइली हलवतानाच जाणवला. एरवी खरा बदल वाटला तो साटा या ड्राइव्ह जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या केबलवरील सुमारे ५५० मेगाबाइटच्या मर्यादेतून सुटण्याचा. एकाच लेनच्या आखूड स्लॉटमध्ये बसणारी कार्डेही मिळतात, आणि तिसऱ्या पिढीच्या एका लेनवर सेकंदाला हजार मेगाबाइटच्या किंचित खाली वेग मिळत असल्याने साठवणीपुरती तीही वाईट नाहीत.

अडचण आली ती संगणक सुरू करण्याच्या वेळी. २०१४ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) एनव्हीएमई एसएसडीवरून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करता येत नाही, आणि माझा बोर्ड त्याच पिढीतला. सिस्टिम सुरू झाल्यावर एसएसडी व्यवस्थित दिसे, पण बूटच्या यादीत तिचे नाव नसे. सुधारित बायोस चढवण्याचा उपाय अनेकजण करतात; मला तो धोका पत्करायचा नव्हता, म्हणून सिस्टिम जुन्या साटा एसएसडीवरच ठेवली आणि नवी जागा कामाच्या फाइलींना दिली.

आणखी एक चूक मी केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगतो. घरात पडून असलेली एक एम.२ एसएसडी मी आधी या कार्डावर लावली आणि ती काही केल्या दिसेना. ती एनव्हीएमई नव्हती, साटा पद्धतीची होती. तिच्या टोकाला एकाऐवजी दोन खाचा होत्या, ती सॉकेटमध्ये बिनतक्रार बसली, पण ज्या कार्डावर साटा केबलसाठी वेगळी जागा नाही त्यावर ती चालणे शक्यच नव्हते. दोन खाचा असलेली प्रत्येक एसएसडी साटाचीच असते असेही नाही, त्यामुळे खाचा मोजण्यापेक्षा लेबल वाचणे बरे.

आता चार एसएसडींच्या कार्डाकडे. बांधणी उत्तम आहे, यात वाद नाही. थर्मल पॅड (उष्णता आवरणाकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) एकसारखे, ४२ ते ११० मिलिमीटर लांबीपर्यंतच्या एसएसडींसाठी स्क्रूच्या जागा, आणि चारही एसएसडींना पुरेल इतकी वीज मिळावी म्हणून स्लॉटच्या १२ व्होल्टमधून ३.३ व्होल्ट तयार करणारे घटक कार्डावरच आहेत. खोक्यावर ठळक अक्षरांत चार एसएसडींचे आश्वासन आहे. त्यासाठी मदरबोर्डने १६ लेनचे चार-चारचे चार गट पाडून द्यावे लागतात, ज्याला बायफर्केशन म्हणतात, ही अट मात्र मागच्या बाजूला अतिशय बारीक अक्षरांत छापली आहे. पहिल्या दिवशी मला चारपैकी एकच एसएसडी दिसली. बायोसमध्ये विभागणी चालू केल्यावर तीन दिसल्या. चौथी कधीच दिसणार नाही, कारण ज्या दुसऱ्या संगणकावर मी हे कार्ड लावले त्याचा प्रोसेसर ८, ४ आणि ४ अशीच विभागणी करतो, आणि आठ लेनच्या गटातल्या दुसऱ्या सॉकेटला कोणी विचारत नाही. शिवाय हा स्लॉट एरवी ग्राफिक्स कार्डाचा. माझे काम प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर भागते म्हणून ठीक, नाहीतर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये ढकलावे लागले असते आणि आठ लेनवर दोनच एसएसडींवर समाधान मानावे लागले असते. ज्यांच्या बोर्डवर अशी विभागणी होतच नाही, त्यांच्यासाठी लेन वाटून देणारी स्विच चिप असलेली कार्डे आहेत, पण ती बरीच महाग पडतात आणि ती चिप स्वतःच तापते.

तापमानाच्या बाबतीत मात्र दिमाखदार कार्ड आपले मोल दाखवते. साध्या कार्डावरील उघडी एसएसडी ग्राफिक्स कार्डाच्या पोटाशी आली की सलग मोठी कॉपी चालू असताना ७५ अंशांवर जाते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. चिकटवायचा एक छोटा हीटसिंक लावल्यावर ते थांबले. जाड आवरणाखालील तिन्ही एसएसडी त्याच कामात ६० च्या वर गेल्या नाहीत. पंखा मात्र डासासारखा गुणगुणतो. मागच्या पट्टीवर तो बंद करण्याचे बटण दिले आहे. मी ते पहिल्याच आठवड्यात दाबले, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याच्या जोरावर तापमान चार-पाच अंशांहून अधिक वाढलेले नाही.