होंडाजेट, एमटू की फेनम १००? पायलटला वेगाबद्दल नको, ब्रेकबद्दल विचारा

पायलटला त्याच्या विमानाबद्दल विचारलं की ‘आपला तो बाब्या’ सुरू होतं. होंडाजेटवाला अर्धा तास वेगाबद्दल बोलेल. सायटेशन एमटूवाला सांगेल की माझं विमान कधी दगा देत नाही. फेनमवाला मोठ्या खिडक्या आणि पायऱ्यांचं दार इथपासून सुरुवात करेल. तिघंही खरंच बोलत असतात, पण पहिलं लाइट जेट, म्हणजे मोजक्या माणसांचं छोटं खासगी जेट, घ्यायला निघालेल्या माणसाच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही तिन्ही विमानं हवेत चांगलीच उडतात. पायलटांची मतं खरी फाटतात ती चाकं टेकल्यानंतरच्या हजारेक मीटरांत. त्यामुळे निवड करायची ती तुम्ही ज्या धावपट्ट्यांवर उतरणार आहात त्या बघून.

वेगाचा विषय आधी संपवू, कारण माहितीपत्रकात तोच सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. होंडाजेट ४२२ नॉट (म्हणजे ताशी नॉटिकल मैल), फेनम १००ईव्ही ४०६, सायटेशन एमटू ४०४. मुंबई ते दिल्ली साधारण ६२० नॉटिकल मैल. सगळं अंतर कमाल वेगाने कापलं असं धरलं तरी होंडाजेटला ८८ मिनिटं लागतात, एमटूला ९२. चार मिनिटं! दिल्लीत उतरायला रांगेत घिरट्या घालाव्या लागल्या तर ती कुठल्या कुठे जातात.

उंचीचंही तेच. होंडाजेटला ४३,००० फूट, बाकी दोघांना ४१,०००. वरचे दोन हजार फूट कधीकधी उपयोगी पडतात, पण त्यांच्या जोरावर मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांवरून निघून जाऊ, असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका. ते ढग ५०,००० फुटांच्याही वर जातात. वळसा तिघांनाही घालावाच लागतो.

कॉकपिटबद्दलही थोडक्यात. तिन्हींच्या अलीकडच्या आवृत्त्यांत गार्मिन कंपनीची जी३००० ही स्क्रीनची यंत्रणा किंवा त्यावर बेतलेली यंत्रणा आहे. एका विमानाच्या स्क्रीनवर हात बसलेला पायलट दुसऱ्यात फार चाचपडत नाही. फरक आहे तो ऐसपैसपणाचा. उंच पायलट एमटूमध्ये गुडघ्यांबद्दल कुरकुरतात. कंपनीनेही ते मनावर घेतलं असावं, कारण जेन टू आवृत्तीत को-पायलटच्या पायांना ३ इंच जास्त जागा दिली. होंडाजेटची इंजिनं पंखांच्या वर खांबांवर बसवलेली असल्यामुळे शेपटाकडचा भाग मोकळा राहतो. केबिन लांब मिळते, आवाजही कमी. पंखावर इंजिन ठेवायची ही कल्पना होंडाचे अभियंते मिचिमासा फुजिनो यांची. पहिलं प्रायोगिक विमान २००३ च्या डिसेंबरमध्ये उडालं आणि अमेरिकेचं प्रमाणपत्र मिळालं २०१५ च्या डिसेंबरमध्ये. बारा वर्षं एका कल्पनेला धरून बसणं सोपं नव्हे.

हवेतलं उडणं. होंडाजेटचा पंख वजनाच्या मानाने लहान आहे, म्हणून हेलकाव्यांत ते भक्कम वाटतं. कंट्रोल्स हाताला एकसारखे लागतात, हे कौतुक बहुतेक जण करतात. फेनममध्ये नाक वरखाली करायला हलकं आणि आडवं कलवायला जड, अशी तक्रार ऐकू येते, पण दोन-चार उड्डाणांत हात जुळतो. एमटू यातलं सगळ्यात जुन्या घराण्यातलं. त्याचा पूर्वज सायटेशनजेट १९९१ मध्ये पहिल्यांदा उडाला. सरळ पंख, साधा स्वभाव. किंग एअर या प्रोपेलरच्या विमानावरून येणाऱ्या पायलटला हे विमान परकं वाटत नाही.

आता जमिनीवर या.

फेनम १०० मध्ये ब्रेक ‘बाय वायर’ आहेत. तुम्ही पेडल दाबता तेव्हा पायाखाली तेलाचा दाब नसतो. सेन्सर तुमचा पाय वाचतो, संगणक झडपेला सांगतो आणि मग चाक आवळलं जातं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, सुरुवातीच्या विमानांत हे ब्रेक झटके द्यायचे, आणि जुने फेनमवाले अजून त्यावर बोलतात. पण झटके हा किरकोळ त्रास. खरी भानगड ओल्या धावपट्टीवर होते. चाक घसरायला लागलं की अँटी-स्किड ही घसरण रोखणारी यंत्रणा दाब सोडते, कारण ते त्याचं कामच आहे. पायलटला मात्र वाटतं की ब्रेक गेले. पेडल पूर्ण दाबलेलं आहे, धावपट्टीचं टोक जवळ येतंय आणि विमान हळू व्हायचं नाव घेत नाही. अशा वेळी हात इमर्जन्सी ब्रेकच्या दांड्याकडे जातो, आणि त्या दांड्याला अँटी-स्किड नाही. दांडा ओढला की चाकं जाम होतात, टायर पाण्यावर घसरत जातात किंवा फुटतात, आणि थोडीफार जी पकड होती तीही जाते. म्हणून फेनमचे चांगले प्रशिक्षक सिम्युलेटरमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतात: पेडल दाबून ठेवा, दांड्याला हात लावू नका. पुढच्या आवृत्त्यांत पंखावर स्पॉयलर, म्हणजे वर उघडणाऱ्या पट्ट्या, आले. ते उघडले की पंखाची उचल मोडते, वजन चाकांवर येतं आणि ब्रेकला धरायला काहीतरी मिळतं.

होंडाजेटची गोष्ट याच मुद्द्यावर अडते. धावपट्टी सोडून बाजूला किंवा पुढे गेल्याच्या घटना या विमानाच्या नावावर बऱ्याच आहेत आणि विकणारा त्या आपणहून सांगणार नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच चौकश्यांमध्ये बोट दाखवलं गेलं ते हाताळणीकडे: बाजूचा झोंबरा वारा, ओली धावपट्टी, गरजेपेक्षा जास्त वेग. होंडाजेटचे चाहते इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, विमान निर्दोष आहे. मला हे पटत नाही. एकाच विमानाच्या बाबतीत पायलटांचा हात वारंवार चुकत असेल, तर ते विमान चूक पोटात घालत नाही एवढं तरी मान्य करायला हवं. सुरुवातीच्या होंडाजेटला ग्राउंड स्पॉयलर (टेकल्यावर उघडणारे) नव्हते आणि रिव्हर्स थ्रस्टही नाही, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा फिरवून थांबायची सोय नाही. टेकल्यावरही पंख उचल देत राहतो, चाकं हलकी राहतात, आणि त्यात नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग तिखट. वाऱ्याच्या झोतात पायाने थोडं जास्त दिलं की विमान झटकन वळतं. २०२२ च्या एलिट टू आवृत्तीत ग्राउंड स्पॉयलर आले. जुनं होंडाजेट स्वस्तात मिळतंय म्हणून बघत असाल, तर पहिला प्रश्न हाच विचारा.

एमटूचं उतरणं बघायला कंटाळवाणं आहे, आणि ते मी कौतुकाने म्हणतोय. मुख्य चाकांचा पाय मागे झुकणाऱ्या सांध्याचा, त्यामुळे फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित उचलणं, थोडा चुकला तरी विमान गादीवर बसल्यासारखं टेकतं. टेकल्यावर फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या कडेच्या झुकणाऱ्या पट्ट्यांचा) दांडा पुढच्या खाचेत नेला की फ्लॅप ६० अंशांपर्यंत खाली येतात, स्पॉयलर उघडतात आणि पंख मरतो. इंजिनांच्या मागे दोन पाती असतात. ती उघडून इंजिनांचा उरलासुरला जोर बाजूला फेकतात. यातली एकही गोष्ट नवी नाही. तीस वर्षं हजारो पायलटांनी घासून गुळगुळीत केलेली आहे, आणि कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात ती शिकवणारा माणूस सापडतो.

फेनमबद्दल आणखी एक सांगायला हवं. ८ डिसेंबर २०१४ ला अमेरिकेत मेरिलँडमधल्या गेदर्सबर्गला एक फेनम १०० उतरायला येत असताना स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, घरांवर पडलं. विमानातले तिघं आणि एका घरातले तिघं गेले. ढगांतून येताना पंखांवर बर्फ धरत होतं, पण पायलटने पंख आणि शेपटावरचा बर्फ काढणारं डीआइस चालूच केलं नव्हतं, आणि वेगही बर्फ नसतानाचा धरला होता, असं अमेरिकेच्या चौकशी मंडळाने म्हटलं. या विमानात डीआइस चालू केलं की उतरण्याचा वेग वाढतो, लागणारी धावपट्टीही वाढते आणि स्टॉलची सूचना आधी मिळते. बंद ठेवलं तर सूचना उशिरा येते. महाराष्ट्रात अप्रोचवर बर्फ धरायचा प्रसंग विरळा, पण धावपट्टी किती पुरते हा हिशेब खाली उतरण्याआधीच करायचा असतो, आणि तो आपल्या सोयीने नाही.

तो हिशेब इथल्या मातीवर करून बघा. चार्टरच्या कामात जेटला धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता यायला हवं. धावपट्टी ओली असेल तर लांबी आणखी १५ टक्के हवी. विमानाच्या पुस्तकात तुमच्या वजनाला उतरून थांबायला ९०० मीटर लिहिलं असेल, तर कोरडी धावपट्टी १,५०० मीटर हवी आणि जुलैतली ओली १,७२५. जिल्ह्याच्या गावच्या पट्टीवर जायचं स्वप्न बरेचदा इथेच अडकतं. आता टेकऑफ घ्या. पुण्याचं लोहगाव १,९४२ फुटांवर. एप्रिलमध्ये दुपारी पारा ४० वर असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण साधारण ५,४०० फुटांवरून उडतोय. माहितीपत्रकातले आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंशांचे असतात. होंडाजेटचं प्रत्येक इंजिन २,०५० पौंडांचा थ्रस्ट देतं, एमटूचं १,९६५, फेनम ईव्हीचं १,७३०. वजनं साधारण सारखीच. उन्हाळी दुपारी फेनमवाले माणसं मोजून का घेतात, ते यावरून कळतं.

आणि माणसांचंच निघालं म्हणून, ही तिन्ही विमानं एका पायलटने उडवायची परवानगी असलेली आहेत, पण आपल्याकडे चार्टरमध्ये पुढे दोघं बसतात. म्हणजे एका प्रवाशाचं वजन तिथेच गेलं. टाकी काठोकाठ भरली की मागे दोन-तीन जणच उरतात, तिन्हींत.

मग घ्यायचं कोणतं? स्वतः उडवणार असाल, वर्षाला शे-दीडशे तासच हात लागणार असेल आणि पुढे मोठ्या जेटवर जायचा विचार असेल, तर एमटू. त्याच्या टाइप रेटिंगवर, म्हणजे त्या विमानाच्या खास परवान्यावर, सायटेशनची सीजे ३, सीजे ४ पर्यंतची सगळी भावंडं येतात, फक्त फरकांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. फेनम १०० वरून फेनम ३०० वर जायचं तर नवं रेटिंग. विमान दिवसाला चार-पाच फेऱ्या मारणार असेल, पायलट पगारी आणि सरावातले असतील, तर फेनम. ब्रिटनचं रॉयल एअर फोर्स आणि दुबईची एमिरेट्सची अकादमी शिकाऊ पायलटांना याच विमानावर घडवतात, म्हणजे ते दणके सोसतं. होंडाजेट घ्यावं ते मोठ्या विमानतळांमध्येच फिरणाऱ्याने, २,००० मीटरच्या पुढच्या पट्ट्यांवर, आणि घेतलंच तर एलिट टू. मागे बसणाऱ्यांना तिघांत तेच सगळ्यात आवडेल, यात शंका नाही.

चाचणी उड्डाण देताना विक्रेता डिसेंबरातली निवांत सकाळ सुचवेल. तुम्ही जूनची दुपार मागा. पट्टी ओली, बाजूने १५ नॉट वारा, आणि डाव्या सीटवर तुमचा स्वतःचा पायलट. उतरल्यावर त्याला विमान कसं वाटलं हे विचारू नका. पेडल कितीदा पूर्ण दाबावं लागलं, ते विचारा.