पोवई नाक्याजवळचा लो कार्ब डबा, डाएट मोडल्यावर तर जरूर लावा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक ताई घरगुती लो कार्ब (म्हणजे भात-भाकरी-साखर कमी) डबा देतात, आमच्या ह्यांना लावलाय. ह्यांचं किटो (कार्ब अगदी कमी ठेवायचं डाएट) छान चाललेलं, मग गावाकडं लग्न, पाठोपाठ कंदी पेढ्यांचे बॉक्स, आणि वजनकाटा असा वर गेला की हे डाएटच सोडायला निघाले. तेव्हा ताईंनी इतकं नीट समजावलं ना, की दोन दिवसांत एवढी चरबी चढत नाही ओ, कार्ब शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि प्रत्येक ग्रॅममागं साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात, ते पाणीच आहे, उतरतंय. भरपाई म्हणून कडक उपास नको, पुढच्या जेवणापासून नेहमीचं सुरू करा. हे मला फार पटलं.

डब्यात अंडा भुर्जी नाहीतर पनीर, दोडका किंवा मेथी, कोशिंबीर, आणि मीठ घातलेलं ताक, कारण परत कार्ब बंद केले की सुरुवातीला अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि डोकं धरतं. भाकरी नाही, ५० ग्रॅमच्या आत दिवसाचे कार्ब बसवायचे तर कुठं बसणार.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या असं त्या स्वतःच सांगतात, नाहीतर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

साध्या डब्यापेक्षा महाग आहे, आणि रविवारी बंद असतो, तेवढं बघा ताई, सगळी कार्यं रविवारीच असतात.