तेरा आकडी तिकीट नंबर मागा! सिंगापूर-मलेशिया सहलीत आमचे ७,१०,०१० रुपये बुडाले

सात लाख दहा हजार दहा रुपये. पोलिसांच्या अर्जात, वकिलांच्या नोटिशीत, ग्राहक आयोगाच्या तक्रारीत हाच आकडा लिहून लिहून हात दुखायला लागलाय. टूर कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. पण पद्धत सगळी सांगते, कारण हीच पद्धत उद्या दुसऱ्या नावाच्या पाटीखाली चालू असेल.

ॲडव्हान्स घेऊन पळणारे एजंट सगळ्यांना माहीत आहेत. आम्हालाही माहीत होते. हा पळाला नाही. ऑफिस उघडं, फोन उचलतो, 'ताई, काळजी करू नका' म्हणतो. आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाला त्याने आदल्या वर्षी दुबईला व्यवस्थित नेऊन आणलं होतं. त्यांनी फोटो दाखवले, हॉटेल चांगलं होतं म्हणाले. यापेक्षा मोठी खात्री माणूस कुठून आणणार? आता कळतंय की यंदाच्या लोकांच्या ॲडव्हान्समधून गेल्या वर्षीच्या लोकांची विमानं उडत होती. साखळी तुटली तेव्हा आम्ही रांगेत होतो.

बेत मोठा होता. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, सासू-सासरे, डोंबिवलीचे दीर-जाऊ आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा, अशी नऊ माणसं. मे महिन्यात अकरा रात्री. आधी सिंगापूर, सेंटोसावर युनिव्हर्सल स्टुडिओज. मग तुआसच्या पुलावरून मलेशियात उतरून जोहोर बाहरूचं लेगोलँड, थीम पार्क एक दिवस आणि वॉटर पार्क एक दिवस. मग क्वालालंपूरला मुक्काम करून सनवे लगून, आणि शेवटी केबल कारने गेंटिंगला वर जाऊन स्कायवर्ल्ड्स. मुलांनी सगळ्या राइड्सची यादी केली होती. युनिव्हर्सलच्या ममीवाल्या राइडला १२२ सेंटीमीटर उंची लागते, आणि धाकटा दोन सेंटीमीटरने कमी होता. दर रविवारी तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि त्याचे आजोबा पेन्सिलने रेघ मारायचे. त्या रेघा अजून तशाच आहेत.

'स्वतः ऑनलाइन करायचं होतं ना' असं आता जो तो ऐकवतो. दोन देश, चार पार्क, सत्तरीच्या पुढची दोन माणसं, सीमेवर सगळं सामान उतरवून एकदा सिंगापूरचं आणि एकदा मलेशियाचं इमिग्रेशन, पार्कचं तिकीट तारखेप्रमाणे, आणि सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत. असल्या सहलीला एजंट घेणं हा शहाणपणाच आहे, आणि मी तो घेतला याबद्दल मला कुणाचंही बोलणं ऐकून घ्यायचं नाही.

हिशेब असा. मोठ्यांचे प्रत्येकी १,१२,०००, लहानांचे ८४,०००. एकूण ९,२४,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी ४६,२००, म्हणजे ९,७०,२००. शिवाय परदेशी टूर पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने आपल्याकडून गोळा करून सरकारकडे भरायचा कर, तेव्हाच्या ५ टक्के दराने ४८,५१०. डिसेंबर २०२५ मध्ये माणशी २०,००० प्रमाणे १,८०,००० बुकिंग आणि टीसीएसची पूर्ण रक्कम भरली. पावती मिळाली. पावतीवरचा जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकून बघितला. नंबर खरा, स्टेटस चालू. ऑफिसच्या भिंतीवर उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. हे प्रमाणपत्र कुणीही घरबसल्या, फुकट, स्वतःच माहिती भरून काढू शकतो. ते बघून भरवसा ठेवू नका.

५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला : 'तिकिटं झाली, पीएनआर पाठवतोय, उद्या दुसरा हप्ता टाका, नाहीतर हॉटेलचे रेट बदलतील.' आम्ही आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत. नवऱ्याने लॅपटॉप उघडला, विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं, आणि नऊच्या नऊ नावं समोर आली. मुंबई-सिंगापूर, तारीख बरोबर, वेळ बरोबर, सासूबाईंच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा पासपोर्टप्रमाणे बरोबर. सासरे चष्मा लावून स्वतःचं नाव वाचून गेले. सगळे खूश. त्याच पानावर खाली, प्रत्येक नावाच्या पुढे, ई-तिकीट नंबरची जागा होती. ती रिकामी होती. नऊही रिकाम्या.

त्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. मी तो किती वेळा झूम करून बघितला असेल! रिकामी जागा सरळ दिसते. पण पीएनआर म्हणजेच तिकीट असंच आपण सगळे समजतो, रेल्वेने तशीच सवय लावलीय. विमानाचं तसं नसतं. एजंट एक पैसाही न भरता जागा होल्डवर ठेवू शकतो, त्याला पीएनआर मिळतो, साइटवर नावंही दिसतात. मुदतीत पैसे भरून तिकीट काढलं नाही की बुकिंग आपोआप रद्द होतं. तिकीट निघालं की बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत प्रत्येक प्रवाशाला तेरा आकडी नंबर मिळतो. काही स्वस्त कंपन्या असा नंबर देत नाहीत, तिथे पैसे भरून बुकिंग पक्कं झालंय का ते कंपनीलाच विचारा. पण नंबर देणाऱ्या कंपनीचा तो नंबर नसेल तर तुमच्याकडे काहीही नाही. हे मला कुणी सांगितलं होतं? विमान कंपनीच्या साइटवर 'अजून पैसे भरलेले नाहीत' असं ठळक अक्षरांत लिहायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, ४,५०,००० एनईएफटी केले. त्यातले तीन लाख सासऱ्यांनी मुदत ठेव मोडून दिले होते. त्याच दिवशी 'मलेशिया व्हिसा फी' म्हणून माणशी ३,५०० प्रमाणे ३१,५०० वेगळे घेतले. भारतीय पासपोर्टला मलेशियात पर्यटनासाठी व्हिसा लागतच नाही, १ डिसेंबर २०२३ पासून माफ आहे. मलेशियात पोचायच्या आधी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, तेही फुकट. त्याने आम्हाला व्हिसाच्या 'अप्रूव्हल'ची पीडीएफसुद्धा पाठवली होती, शिक्क्यासकट. जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिचा शिक्का बनवणारा माणूस चुकून अडचणीत आलेला व्यापारी नसतो, हे मी पोलिसांना सांगून सांगून थकले.

टीसीएसचं तर ऐकाच. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, म्हणून हे जास्त लागतं. डिसेंबरमध्ये गोळा केलेल्या टीसीएसचं रिटर्न १५ जानेवारीपर्यंत भरावं लागतं, आणि त्यानंतर ती रक्कम आपल्या पॅनवर, २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावाने जमा झालेल्या कराच्या विवरणात, दिसायला लागते. दिसली नाही तर त्याने सरकारच्या नावाने घेतलेले पैसे खिशात घातले. म्हणजे फेब्रुवारीचा हप्ता द्यायच्या आधी २६एएस उघडलं असतं तर ४,८१,५०० वाचले असते. पण नोकरदार माणूस २६एएस कधी उघडतो? जुलैत, रिटर्न भरताना. जानेवारीत कुणीही उघडत नाही. तुम्ही मात्र उघडा. पाच मिनिटांचं काम आहे.

उघडकीस आलं ते जावेमुळे. सासू-सासऱ्यांची खोली शेजारीच हवी म्हणून तिने मार्चमध्ये थेट जोहोरच्या हॉटेलला फोन लावला. हॉटेलने व्हाउचरचा नंबर घेतला आणि सांगितलं, बुकिंग होतं, पण ९ फेब्रुवारीला रद्द झालंय. आमचे पैसे पोचल्यावर तीन दिवसांनी! 'फ्री कॅन्सलेशन'चं बुकिंग करायचं, व्हाउचर गिऱ्हाइकाला पाठवायचं, पैसे आले की रद्द करायचं. हॉटेल खरं, व्हाउचर खरं, बुकिंग नाही. तिने फोन ठेवला, आम्ही पीएनआर पुन्हा टाकला. सापडत नाही. पार्कच्या तिकिटांच्या पीडीएफ शेजारी शेजारी ठेवल्या, तर मोठ्यांच्या आणि मुलांच्या तिकिटावर बारकोडखालचा नंबर एकच. शेवटचा हप्ता ३,४०,२०० तेवढा वाचला.

त्यानंतर त्याने 'सप्लायरने दगा दिला' ही गोष्ट सांगितली आणि २,००,००० चा पुढच्या तारखेचा चेक दिला. चेक परत आला, खात्यात पैसे नाहीत. त्यानंतर ऑफिसला कुलूप.

आता पोलीस. आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनमध्ये गेलो तर ड्यूटीवरच्या साहेबांनी कागद न बघता विचारलं, 'पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? मग हे दिवाणी आहे. ग्राहक मंचात जा.' मी बनावट व्हिसाचा कागद पुढे केला, तर म्हणाले ऑफिस ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथे गेलो तर पैसे ज्या बँकेतून गेले ती हद्द वेगळी. झिरो एफआयआर हा प्रकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये लिहिलेला आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, 'मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.' मग कुणाला शिकवायचा? सासरे बाकावर बसून होते. आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला माणूस, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मोडलेल्या ठेवीची पावती घेऊन. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आत एका शिपायाने मात्र हळूच सांगितलं, की त्याच कंपनीविरुद्ध आधीही अर्ज आलेत. आधीही! मग तेव्हाच ऑफिस बंद का केलं नाही? आमच्याकडून फेब्रुवारीत पैसे घेण्याइतका तो मोकळा का होता?

बँकेची तऱ्हा निराळीच. आमची बँक म्हणे, ओटीपी तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे, काही करता येणार नाही. त्याच्या बँकेत गेलो तर खातेदाराची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र देता येत नाही. गुन्हा दाखल करायला म्हणतात पैसे कुठे गेले ते आणा. या तिघांनी मिळून आमचे महिने खाल्ले, आणि तेवढ्या वेळात त्या खात्यात काय शिल्लक राहिलं असेल ते सांगायला नको. लेखी अर्जाची पोच मिळवायलाही वकील सोबत न्यावा लागला. कर भरणाऱ्या, कधी सिग्नल न तोडणाऱ्या माणसांना दारात उभं करून 'दिवाणी' म्हणून हाकलता, आणि खोटे शिक्के मारणारा नव्या पाटीची तयारी करतो!

पोलीस स्टेशनने ऐकलं नाही तर तोंडी वाद घालत बसू नका. त्याच कलम १७३ खाली पोलीस उपायुक्तांना, जिल्ह्यात असाल तर अधीक्षकांना, लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अर्जात 'पैसे परत मिळावेत' असं लिहू नका. लगेच दिवाणी ठरवतात. खोटा कागद कोणता, तो कुठल्या तारखेला दिला, त्यावर विसंबून किती पैसे दिले, हे लिहा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे, ४२० म्हणत बसलात तर तिथूनच अडवतात.

चेक परत आला असेल तर घड्याळाकडे बघा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. 'देतो, देतो' म्हणत तो हे ३० दिवसच काढत असतो. आमच्या वकिलांनी वेळेत नोटीस पाठवली म्हणून दोन लाखांची केस तरी उभी आहे.

पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन, बाकी सगळं नंतर. ग्राहक आयोगासाठी वकील लागतोच असं नाही. जिल्हा आयोगात पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते, पाच ते दहा लाखांच्या तक्रारीला फी फक्त २०० रुपये. हप्ता शक्य असेल तर क्रेडिट कार्डाने द्या, तिथे निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. एनईएफटीला तसली सोय नाही. हॉटेलला फोन स्वतः करा, व्हाउचरवरच्या नंबरवर नको, हॉटेलच्या साइटवरून नंबर घेऊन करा. आणि पैसे दिल्यावर आठवड्याने पुन्हा करा, कारण बुकिंग त्यानंतरच रद्द होतं.

सध्या चेकची केस दाखल आहे, ग्राहक आयोगात तक्रार दिलीय, आणि उपायुक्तांकडच्या अर्जावर जबाबासाठी बोलावलंय. त्याच कंपनीकडे पैसे भरलेली आणखी कुटुंबं आम्हाला भेटलीत. काही जण लोक काय म्हणतील म्हणून अर्ज द्यायला तयार नाहीत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, अर्ज द्या. एकट्या तक्रारीला दिवाणी म्हणतात, दहा तक्रारींना म्हणता येत नाही. दिवाळीच्या टूरचा हप्ता ज्यांचा द्यायचा राहिलाय, मग एजंट कुणीही असो, त्यांनी आजच फोन करून प्रत्येक माणसाचा तेरा आकडी तिकीट नंबर मागावा. 'उद्या देतो' म्हणाला तर हप्ता थांबवा.